डुकरीचं पिंप

त्या साली जंगलानं हात आखडता घेतला. ऑगस्ट कोरडा गेला आणि सप्टेंबरही त्याच वाटेनं निघाला. पाइनखालचं शेवाळ पायाखाली पापडासारखं मोडायचं. झालेस्ये गावच्या बायका पहाटे टोपल्या घेऊन जंगलात शिरायच्या आणि उन्हं वर आली की तळाला मूठभर रानफळं घेऊन परत यायच्या.

झालेस्येची जमीन वाळूची. बटाटा आणि राय हे धान्य सोडलं तर ती काही देत नाही. गावाचा वरखर्च चालायचा तो अळंब्यांवर. ताज्या असतील त्या हमरस्त्याच्या कडेला बादल्या मांडून विकायच्या, उरतील त्या दोऱ्यात ओवून चुलीवर वाळवायच्या आणि हिवाळाभर खायच्या. त्यामुळं जंगल रुसलं की घरोघर बोलणं कमी व्हायचं आणि भांडी जास्त वाजायची.

म्हाताऱ्या बाझिलीच्या घरात तर यंदा दोन तोंडं वाढली होती. मुलगा अनातोल वूच शहरातल्या कापडगिरणीत होता. त्याची बायको ग्राझिनाही तिथंच. गिरणीला टाळं लागलं, आणि वसंत ऋतूत दोघं दोन बॅगा आणि एक शिलाई मशीन घेऊन गावी आली. अनातोल लाकूडतोडीच्या कामावर जायला लागला. ग्राझिनाच्या वाट्याला सासू आली.

सासूचं नाव पेलागिया. बुटकी, रुंद, डोक्याला कायम फुलाफुलांचा रुमाल. अळंब्यांच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. कुणाला टोपलीतल्या एखाद्या अळंबीची शंका आली की ती बाई पेलागियाच्या अंगणात हजर. पेलागिया अळंबी नाकाशी न्यायची आणि एक तर टोपलीत परत टाकायची, नाहीतर कुंपणापलीकडे भिरकावायची. कारण सांगायची पद्धत नव्हती. विचारायचीही नव्हती.

ग्राझिनाकडे ती नजर कुठून येणार? तिच्याकडे पुस्तक होतं. गिरणी बंद पडल्यावर गावी येताना स्टेशनवरच्या टपरीत घेतलेलं, एप्रनच्या खिशात मावेल एवढं. पानावर एक अळंबी, चित्राखाली ती कुठं उगवते, देठ कसा, कापल्यावर रंग बदलतो का, एवढी माहिती. कोपऱ्यात खूण. हिरवा ठिपका म्हणजे खायची, लाल फुली म्हणजे विषारी, काळी फुली म्हणजे जीवघेणी. गिरणीत ती कापड तपासायची. उजेडाच्या काचेवरून ताग्यामागून तागा सरकायचा आणि दोष दिसला की ती खडूनं खूण करायची. कापडाचं खरंखोटं उलट्या बाजूला कळतं हे ती तिथं शिकली होती. अळंबीचंही तसंच असतं, टोपीवर जाऊ नये, उलटी करून बघावी, हे पुस्तकात वाचून तिला फार बरं वाटलं. या परक्या गावात एक तरी गोष्ट ओळखीची निघाली.

पण त्यानं काम भराभर होत नव्हतं. ती शेवाळात गुडघे टेकून बसायची, अळंबी उपटायची, उलटी करायची, पानं चाळायची. तोवर बाकीच्या बायका तीन झाडं पुढं गेलेल्या असायच्या.

"काय गं वूचवाली," शेजारची झिनायदा लांबून ओरडायची, "जन्माचा दाखला तपासती व्हय तिचा?"

"बघू दे तिला," पेलागिया मागं न बघता म्हणायची. "टोपली रिकामी राहिली तर पुस्तक उकडून खाईल."

बायका हसायच्या. ग्राझिनाही हसायची, कारण न हसून सांगते कुणाला? पण घरी येताना ती पुस्तक एप्रनच्या आतल्या बाजूला सरकवायची.

सप्टेंबरच्या मध्यावर दोन दिवस रिमझिम झाली. जमिनीची तहान भागावी एवढी नव्हती. गाव ज्यांची वाट बघत होतं त्या जाड देठाच्या अळंब्या, ज्यांना तिथं सरळ 'खरी' म्हणतात, त्या आल्याच नाहीत. पण ओढ्याकाठच्या ओल्शाच्या झाडांखाली डुकरी मात्र उगवली. तपकिरी, कडा आत वळलेली, डुकराच्या कानासारखी. बोट दाबलं की काळपट डाग पडतो. पेलागियानं दोन टोपल्या भरून आणल्या. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं.

"जंगल उपाशी ठेवत न्हाई," ती टोपली टेबलावर उपडी करत म्हणाली. "सूनबाई, घे सुरी. देठ काढ. दोन उकळ्या द्यायच्या, पाणी फेकायचं, मग कांद्यावर परतून वर आंबट साय. बाझिलीचा जीव हाय डुकरीवर. उरंल ती पिंपात, मिठात."

ग्राझिनानं एक उचलली, उलटी केली. पापुद्रे देठापर्यंत उतरलेले, पिवळट. तिनं हात पुसून पुस्तक काढलं. पान सापडायला वेळ लागला नाही. कोपऱ्यात काळी फुली होती.

तिनं दोनदा वाचलं. मग सासूकडं बघितलं. पेलागिया गुणगुणत चुलीत लाकूड सारत होती. गप्प बसावं तर कसं, आणि बोलावं तर कुठल्या तोंडानं?

"आई, ही खाऊ नका. पुस्तकात जीवघेणी म्हटलंय."

"कोण, डुकरी?" पेलागिया हसलीच. "अगं, गावची पोरं डुकरीवर वाढली."

"लिहिलंय की उकळून विष जात नाही. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि मग एक दिवस रक्तच बिघडतं. मग प्रत्येक वेळी खाल्लं की जास्त."

"म्या बी खाते न्हवं? मला काय झालंय?" पेलागियाचं हसू आता पातळ झालं होतं. "भांड्यात कांदा टाकते म्या. विष असलं की कांदा निळा पडतो. कधी पडला न्हाई."

"कांद्याचं काही खरं नसतं, तेही लिहिलंय."

पेलागियानं हात पुसले. ती आतल्या खोलीत गेली, देवाच्या तसबिरीखालचा खण उघडल्याचा आवाज आला, आणि ती परत आली ती एक पुस्तक घेऊन. तसंच खिशात मावणारं. पुठ्ठा झिजलेला, कोपरे गोल झालेले. पहिल्या पानावर शाईनं तिचं नाव. फार वर्षांपूर्वी सहकारी संस्थेच्या मेळाव्यात टेबलावर मांडलेल्या सगळ्या अळंब्या तिनं एकटीनं बिनचूक ओळखल्या होत्या, त्याचं पहिलं बक्षीस. ग्राझिनाला वाटत होतं सासूला पुस्तकाचा राग आहे. तसं नव्हतं. सासूकडं स्वतःचं पुस्तक होतं.

"वाच," पेलागिया म्हणाली. "मोठ्यानं."

ग्राझिनानं वाचलं. डुकरी. दोनदा उकळून पाणी टाकल्यास खाण्यास योग्य. चवीला चांगली.

"आता सांग, कुठलं खोटं?"

"हे जुनं आहे, आई."

"म्या बी जुनीच हाय."

ग्राझिनानं सुरी घेतली आणि देठ कापायला बसली. संध्याकाळी बाझिली घोड्याला पाणी पाजून आत आला. उंच, वाकलेला, थोडं बोलणारा माणूस. पेलागियानं त्याच्यापुढं ताट ठेवलं. अनातोलला लहानपणापासून अळंबीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही, झालेस्येसारख्या गावात ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. तो आणि ग्राझिना बटाटे खात बसले.

"कसं झालंय?" पेलागियानं विचारलं. नजर सुनेवर होती.

"छान झालंय," बाझिली म्हणाला आणि ताट पुसून खाल्लं.

तो नेहमी हेच म्हणायचा. सूप खारट असो, पाव करपलेला असो, छान झालंय. गावात इतर बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला बसल्या की पेलागिया पदर झटकल्यासारखी मान वळवायची आणि म्हणायची, "लगीन झाल्यापास्नं या माणसानं माझ्या हाताला नाव ठेवलं न्हाई." तिचं सोनंनाणं म्हणावं ते एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे बटाट्याच्या शेतात होते. अनातोल घोडा आणि नांगर घेऊन सरी फोडत होता, बाकीचे मागून वाकून बटाटे टोपलीत भरत होते. वाळू कोरडी, वारा थंड, कंबर मोडून येत होती. पेलागिया भरलेली हातगाडी घेऊन घराकडं गेली तेव्हा बाझिली कुदळीवर रेलून उभा राहिला. कपाळावर घाम होता, थंडीतसुद्धा. मग तो कुंपणामागं गेला आणि बराच वेळ आला नाही.

आला तेव्हा तो ग्राझिनापासून चार हात लांब उभा राहिला आणि बुटाच्या टोकानं ढेकूळ फोडू लागला.

"ग्राझिना," तो म्हणाला, "तुझ्या त्या पुस्तकात... लघवीचं काय लिवलंय का?"

ग्राझिनाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा दोघांनीही मान खाली घातली. सासऱ्यानं सुनेला हे विचारायचं म्हणजे त्या म्हाताऱ्यावर काय पाळी आली असेल!

"काळी होतीय, बाबा?"

"चहावाणी. डुकरी खाल्ली की व्हती. पोटात बी पीळ पडतो. गेल्या साली एक दिस, औंदा जास्त."

तिनं जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत बघितलं. पांढरं होतं तिथं पिवळसर झाक होती. तिनं पुस्तक काढून वाचून दाखवलं, हळू, एकेक शब्द. बाझिली ऐकत होता.

"आपण आजच आईंना सांगू. आणि डॉक्टरकडं जाऊ."

"न्हाई." इतक्या ठामपणे तो कधी बोललेला तिनं ऐकलं नव्हतं. "तिला सांगायचं न्हाई. शपथ हाय तुला."

"पण का?"

बाझिली खाली वाळूवर बसला. "माझी आई लई कडक बाई व्हती. पेलागिया नवी नवरी आली तवा घरात काय बी न्हवतं. ही पोरगी भल्या पहाटे जंगलात गेली, डुकरी आणली, रांधली. आईनं ताट घेतलं आन अंगणात फेकलं. डुकराला घालायचं ते माझ्या लेकाला घालतीस, म्हणली. पेलागिया कोपऱ्यात उभी. सतरा वर्साची पोर. म्या चुलीवरलं भांडं घेतलं आन सगळं खाल्लं. तळ खरवडून. आन म्हणलो, छान झालंय." तो थोडा थांबला. "तवापास्नं हिच्या रांधण्याला या घरात कुणी नाव ठेवायचं न्हाई, असं ठरवलं म्या मनाशी. आता सांगू की तुझ्या हातचं खाऊन मी मराय लागलो?"

ग्राझिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचा रागही आला. माणूस इतका चांगला असू नये की त्यानं चांगुलपणापायी जीव द्यावा.

"मग खाऊ नका ना. काहीतरी निमित्त सांगा."

"डुकरी नको म्हणलो तर तिला लगेच कळंल," बाझिली म्हणाला, आणि उठून टोपली उचलायला लागला. दोन पावलांवर तिनं ती त्याच्या हातून घेतली.

रात्री तिनं अनातोलला सगळं सांगून काय करावं ते विचारलं. नवरा लाकडाच्या भुशानं माखलेला, दमलेला. तो म्हणाला, "आईच्या आणि डुकरीच्या मधे मी येत नाही. ती म्हणेल वूचवालीनं शिकवलं." मग थोड्या वेळानं, "पिंप ओतून देऊ का गुपचूप?" आणि लगेच, "नको. ती पुन्हा भरेल." दोन्ही खरंच होतं.

पिंप तळघरात होतं. ओकच्या लाकडाचं, वर लाकडी झाकण, झाकणावर ओढ्यातला गोल दगड. ग्राझिना बटाटे आणायला खाली जायची तेव्हा त्याच्याशी थांबायची. बडीशेपेचा आणि लसणीचा वास यायचा. इतका चांगला वास की तिला त्या लाकडाचीच भीती वाटायची. ओतून टाकणं अवघड नव्हतं. पण सासूच्या पाठीमागं तिचं पिंप रितं करणारी सून या घरात पुढं कुठल्या पायानं चालणार? आणि शपथही मोडायची नव्हती. रविवारपर्यंत तिनं विचार केला.

रविवारी चर्चहून आल्यावर पेलागियानं टेबलावर धुतलेलं कापड घातलं. बटाटे, पाव, आणि मधोमध मातीच्या भांड्यात डुकरी, वर आंबट साय. तिनं बाझिलीचं ताट भरलं. बाझिलीनं चमचा उचलला. तेवढ्यात ग्राझिनानं आपलं ताट पुढं केलं.

"आई, मलाही वाढा."

पेलागिया थांबली आणि मग तिचा चेहरा उजळला. "आली बाई वळणावर! म्या म्हणतच व्हते, वास घेतला की पुस्तक इसरंल." तिनं डाव भरला. "जरा कमीच घे. पयल्यांदा खातीस."

"कमी का? बाबांना वाढलंत तेवढंच वाढा."

"त्याला सवं हाय."

"मलाही होईल सवय. तुमच्या पुस्तकात तर सवयीचं काही लिहिलेलं नाही. खायला योग्य म्हटलंय."

"ग्राझिना, नको," अनातोल म्हणाला. त्याचा रंग उडाला होता.

"का नको?" ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. सासूनं वाढलं असतं तर खावं लागणार होतं, आणि ती खाणार होती. "बाबांना चालतं तर मला का नको? वाढा, आई."

डाव ताटावर आला आणि तिथंच थांबला. सायीचा एक थेंब स्वच्छ कापडावर पडला. पेलागियाला डाव उलटा करायचा होता, पण हात उलटा होईना. माणसाच्या मनात काय आहे ते कधीकधी हाताला आधी कळतं. गेली काही वर्षं अळंब्या विकत घेणारी गाडी गावात यायची ती डुकरीला हात लावत नव्हती. पेलागियानं गावाला सांगितलं होतं, शहरातल्या लोकांना चव कळत नाही. स्वतःला काय सांगितलं होतं ते तिलाच ठाऊक. आता परक्याची पोर ताट धरून बसली होती आणि तिच्या ताटात हे वाढायला तिचं मन धजत नव्हतं.

तिनं डाव भांड्यात परत ठेवला. मग खिडकीच्या उजेडात बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं, जसं अळंबीकडं बघायची तसं, डोळे बारीक करून.

"बाझिली. खरं सांग. पोटात दुखतंय तुझ्या?"

बाझिलीनं ग्राझिनाकडं बघितलं. तिनं मान हलवली, मी काही बोलले नाही म्हणून.

"छान झालंय," तो म्हणाला.

"कसं झालंय ते न्हाई इचारलं!" पेलागियानं टेबलावर थाप मारली. चमचे उडाले. "दुखतंय का ते इचारलं!"

बाझिलीनं चमचा खाली ठेवला, बाजूला नीट सरळ करून ठेवला, आणि म्हणाला, "दुखतंय."

"कवापास्नं?"

"गेल्या सालापास्नं. त्याच्या आदल्या साली बी थोडं."

"आन तू खात बसलास? तोंड शिवलं व्हतं तुझं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आन तू मेला असतास तर बरं वाटलं असतं व्हय मला?" पेलागिया रडत होती आणि ओरडत होती. दोन्ही एकदम. "अरे खुळ्या माणसा! जन्मभर म्या गावभर मिरवलं की माझ्या हाताला नाव ठेवत न्हाई, आन तू विष गिळून छान झालंय म्हणत व्हतास? मग बाकीचं तरी कशाला खरं मानू म्या? पावाचं? सुपाचं? एकदा तरी सांगायचं व्हतं, पेलागिया, मीठ कमी हाय!"

मग पेलागियानं रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं आणि अनातोलला म्हणाली, "घोडा जुंप."

जवळच्या शहरातल्या इस्पितळात रविवारी एकच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाझिलीच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि विचारलं, "काय खाल्लंत?" बाझिली तोंड उघडणार एवढ्यात पेलागिया पुढं आली.

"त्यानं न्हाई खाल्लं. म्या खायला घातलं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. रक्त तपासलं, खाटेवर घेतलं, सुया लावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की मूत्रपिंडं वाचली आहेत, रक्त भरून येईल, पण पुढचं एखादं ताट शेवटचं ठरलं असतं. पेलागियानं ते शब्द उभ्यानं ऐकले. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि सुनेचा हात धरून राहिली. ग्राझिनाचा हात तिनं पहिल्यांदाच धरला होता. सासूच्या तळव्याला सालपटासारखा खरखरीतपणा होता.

घरी आल्यावर दोघींनी पिंप तळघरातून वर चढवलं. जिन्यावर एकदा ते निसटलं आणि पेलागियाच्या नडगीला लागलं. ती नुसती "लागू दे" म्हणाली. रायच्या शेतापलीकडं ग्राझिनानं खोल खड्डा खणला. खारं पाणी आणि डुकरी भसाभसा खाली गेली, बडीशेप, लसूण, सगळी.

"वास बघ किती चांगला हाय," पेलागिया म्हणाली. "लेकरू झालं तवा बी हेच पिंप व्हतं."

"पिंप चांगलंच आहे, आई. धुऊन त्यात कोबी घालू."

पेलागियानं फावडं घेतलं आणि माती लोटायला लागली.

एवढ्यावर संपलं असतं तर सोपं होतं. पण पिंप काय एकाच घरी होतं? गावातल्या अर्ध्या बायकांना डुकरीच्या दोन उकळ्या पेलागियानंच शिकवल्या होत्या. सकाळी डेअरीच्या कट्ट्यावर दुधाच्या कॅन घेऊन बायका गाडीची वाट बघत उभ्या असतात. पेलागिया तिथं गेली ती दोन्ही पुस्तकं घेऊन. ग्राझिना म्हणाली, मी सांगते. पेलागिया म्हणाली, "शिकवलं म्या, सांगणार म्याच."

तिनं लांबण लावली नाही. "बायांनो, डुकरी टाकून द्या. पिंपातली बी. बाझिली इस्पितळात हाय तो तिच्यापायी. म्या तुमाला चुकीचं शिकवलं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. झिनायदानं कॅनवर हात ठेवला. "आन तुझं ते बक्षिसाचं पुस्तक?"

पेलागियानं पान उघडून दाखवलं. 'चवीला चांगली' या ओळीवर पेन्सिलीनं फुली मारली होती, इतक्या जोरात की कागद फाटला होता. कुणी हसलं नाही. पलीकडून एकजण हळूच म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला बी डुकरी खाल्ली की उलट्या व्हतात. आमाला वाटलं दारू."

"म्हंजे आता वूचवालीला इचारून खायचं व्हय?" झिनायदा म्हणाली, पण तिच्या बोलण्याला नेहमीची धार नव्हती.

"आदी म्या बघीन," पेलागिया म्हणाली. "मग ही पुस्तकात बघंल. दोघींचं जुळलं तर टोपलीत. न्हाई जुळलं तर खड्ड्यात."

त्याच आठवड्यात झिनायदा अळंब्यांच्या टोपलीवर फडकं टाकून अंगणात आली आणि फडकं न काढता म्हणाली की सहज आले होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आभाळ एकदाचं फुटलं. चार दिवस, चार रात्री. पाचव्या दिवशी जंगलात पाय ठेवला तर शेवाळ ओल्या स्पंजासारखं दबत होतं, आणि बर्चखाली, पाइनखाली, वाटेच्या मधोमधसुद्धा 'खरी' उभी होती, जाड देठांची, ओली, थंड. पेलागिया एकीपुढं वाकली, देठाभोवतीची माती बोटांनी सारली आणि उपटली. मग टोपलीत टाकायच्या आधी तिनं ती सुनेकडं केली.

"बघ. तुझं पुस्तक काय म्हणतंय?"

ही अळंबी झालेस्येतलं शेंबडं पोरही ओळखतं. तरीही ग्राझिनानं पान काढलं, अळंबी उलटी केली, वाचलं. "हिरवा ठिपका. बरोबर, आई."

"व्हय ना? मग टाक."

दोघींचं एकदाच जुळलं नाही. पेलागियाला एक हिरवट टोपीची शंभर टक्के चांगली वाटत होती, ग्राझिनाच्या मते चित्रातल्या देठाला नसलेलं काहीतरी हिच्या देठाला होतं. पेलागियानं अळंबी नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि शेवटी कुजक्या बुंध्यामागं टाकली. घर येईपर्यंत ती पुटपुटत होती, "चांगली व्हती. सांगते तुला, चांगली व्हती." टोपल्या इतक्या जड झाल्या होत्या की दोघींना वाटेत तीनदा टेकावं लागलं.

रस्त्याकडेला बादल्या लागल्या. चुलीवर माळा लागल्या. पिंपात कोबी गेला. बाझिली इस्पितळातून आला तो रोडावलेला, पण डोळ्यांचं पांढरं पांढरं झालेलं. हिवाळ्यात तो पुन्हा स्वतः लाकूड फोडायला लागला, आधी बारीक, मग जाड.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्यावर सगळे जेवायला बसले. तिथल्या रिवाजाप्रमाणे टेबलावरच्या कापडाखाली गवत पसरलेलं, एक ताट न आलेल्या पाहुण्यासाठी मांडलेलं. पेलागियानं वाळवलेल्या अळंब्यांचं सूप आणलं. एकूण एक अळंबी दोघींनी बघितलेली. त्या दिवशी चव घ्यायचीही तिला धास्ती वाटत होती. तिनं आधी बाझिलीला वाढलं आणि उभीच राहिली.

बाझिलीनं एक चमचा घेतला. आणखी एक घेतला. मग तो थांबला. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या, कान लाल झाले. घसा खाकरला. पेलागियाच्या तोंडाचं पाणी पळालं. अनातोलच्या हातातला पाव हवेतच राहिला.

"पेलागिया," बाझिली म्हणाला. त्यानं बायकोकडं बघितलं, मग सुपाकडं, मग पुन्हा बायकोकडं. "मीठ कमी हाय."

मग पेलागियानं मिठाची वाटी उचलली, त्याच्यापुढं ठेवली, आणि भिंतीला टेकून इतकी हसली, इतकी हसली की तिचा फुलाफुलांचा रुमाल मानेवर घसरला.

"घे," ती डोळे पुसत म्हणाली. "घे बाबा, घाल हवं तेवढं. आन पावाचं बी सांग."

"पाव छान झालाय," बाझिली म्हणाला, आणि या वेळी ते तिला खरं वाटलं.